वसई ते लिस्बन : डबलडेकरच्या टपावरून

युरोपात फिरायला बस कशाला घ्यायची, पायी फिरण्यातच मजा, असं सांगणारे लोक बहुतेक लिस्बनला गेलेले नसतात. सात टेकड्यांवर वसलेलं शहर म्हणतात ते काही उगाच नाही. रस्ता म्हणून जे दिसतं त्याचा पुढच्या वळणावर जिना होतो, आणि फूटपाथवर सगळीकडे ती पांढऱ्या-काळ्या दगडांची गुळगुळीत फरसबंदी, फोटोत छान दिसते पण जरा शिंतोडे पडले की तिच्यावरून चालताना माणूस भिंत शोधत असतो. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, त्यामुळे हॉप ऑन हॉप ऑफ (कुठेही उतरा, पुन्हा चढा) बसचं ४८ तासांचं तिकीट हे नवऱ्याने इथूनच, वसईहूनच, ठरवून टाकलं होतं. लेक नववीत आहे, तिचं म्हणणं फक्त एवढंच की वरच्या मजल्यावर बसायचं.

शुक्रवार

दुपारी जेवून मार्केस द पोंबाल नावाच्या मोठ्या चौकात आलो. बहुतेक सगळ्या टूर बसेस इथूनच सुटतात, पिवळ्या, लाल, निळ्या, सगळ्या कंपन्यांची माणसं छत्र्या घेऊन उभी असतात आणि सगळे आपलीच बस कशी चांगली ते सांगत असतात. रूट थोड्याफार फरकाने सारखेच, एक पश्चिमेला बेलेमकडे जातो, एक पूर्वेला नव्या शहराकडे. आम्ही पहिल्या दिवशी बेलेमची बस धरली आणि कुठे उतरायचं नाही, फक्त एक पूर्ण फेरी मारायची असं ठरवलं. हे मी कुणालाही सांगेन, पहिली फेरी न उतरता मारावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठे उतरायचं ते कळतं.

चौकाच्या मधोमध उंच खांबावर सिंहाला बाजूला घेऊन जो माणूस उभा आहे तोच हा मार्केस पोंबाल, राजा जुझेचा मंत्री. याच्याशिवाय लिस्बनची गोष्ट सुरूच होत नाही. १ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे, सकाळी साडेनऊच्या पुढे, सगळं शहर चर्चमधे, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या, आणि त्यात प्रचंड भूकंप झाला. लोक पडक्या घरांतून पळून नदीकाठच्या मोकळ्या जागेत आले तर थोड्या वेळाने तिथे त्सुनामीची लाट आली, आणि वर जे उरलं त्याला आग लागली ती कित्येक दिवस विझली नाही. राजा जुझे वाचला पण त्याने भिंतींचा इतका धसका घेतला की पुढे तो आज्युदाच्या टेकडीवर लाकडी आणि तंबूवजा महालातच राहिला. शहर परत उभं केलं ते या पोंबालने. सरळ रुंद रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचिक राहील. त्या पिंजऱ्याची चाचणी घ्यायला नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावली होती म्हणे. नवरा सिव्हिल इंजिनियर आहे, त्याने हे ऐकलं आणि पुढचा सगळा वेळ तो देखावे सोडून खिडक्यांच्या ओळीच मोजत बसला.

बस मग एश्ट्रेलाच्या पांढऱ्या बॅसिलिकावरून खाली नदीकडे उतरते. लांबून तो अग्वाश लिव्रेश नावाचा जलसेतू दिसतो, दरीवरची सगळ्यात उंच कमान ६५ मीटर, आणि गंमत म्हणजे भूकंपात अख्खं शहर पडलं पण हा उभा राहिला. अल्कांताराला आलो की डोक्यावरून तो लाल लोखंडी झुलता पूल जातो. आधी फक्त आवाज येतो, हजार मधमाश्या एकदम घोंघावल्यासारखा, कारण वर गाड्या लोखंडी जाळीवरून धावतात. हा पूल १९६६ चा, तेव्हा नाव सालाझार पूल, हुकूमशहाचं. १९७४ मधे २५ एप्रिलला सैन्यातल्या तरुण अफसरांनी ती राजवट उलथवली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली, आणि पुलाचं नाव झालं २५ एप्रिल पूल. इअरफोनमधे एवढं सगळं नीट सांगतात. एवढंच सांगत नाहीत की याच सालाझारने शेवटपर्यंत गोवा सोडायला नकार दिला, १९६१ मधे आपलं सैन्य गेलं तेव्हा कुठे गोवा सुटला, आणि तो भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं ते थेट १९७४ च्या डिसेंबरात, ही क्रांती झाल्यावर. आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, "म्हणजे यांची सुटका झाली तेव्हा आपली भानगड मिटली." बरोबर आहे की.

परत येताना प्रासा दू कुमेर्सिऊला उतरलोच शेवटी, न उतरण्याचा निश्चय तिथे संपला, कारण तेजू नदीसमोरचा तो पिवळ्या इमारतींचा अवाढव्य चौक बघून खाली न उतरणं अवघडच आहे. मधे राजा जुझेचा घोड्यावरचा पुतळा आहे, १७७५ चा. सगळे समोरून फोटो काढतात. तुम्ही जरा बाजूने फिरून बघा, चौथऱ्याच्या एका बाजूला दगडी हत्ती आहे.

शनिवार

बेलेम. सकाळी पहिल्या बसने जायचं होतं, पण त्या बसने स्टॉपवर अर्धा तास उभं केलं आणि आली ती वर अगदी फुल्ल. आई खाली बसल्या, आम्ही उभे. एका सीटला इअरफोन लावायचं भोकच बंद होतं, दुसऱ्याला फक्त जर्मन ऐकू येत होतं. जाऊ दे, चालायचंच, आमच्या विरार लोकलपेक्षा बरीच.

पोचलो तेव्हा झेरोनिमूश मठासमोर रांग अशी की तिचं शेपूट बागेत गेलेलं. चर्चची रांग वेगळी आणि जरा भराभर सरकते, आतल्या चौकाची वेगळी. आम्ही चर्चची धरली. हा मठ राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला आणि खर्च कशातून, तर आशिया आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मालावर जवळजवळ पाच टक्के कर लावला त्यातून. मिरी, दालचिनी, लवंग. म्हणजे केरळातल्या मिरीच्या वेलींचे पैसे या दगडात आहेत, आणि दगड तरी कसला कोरलाय, खांबांवर जहाजाचे दोरखंड, गाठी, पोवळी, आणि जागोजागी तो कड्याकड्यांचा खगोलाचा गोल, मानुएलचं चिन्ह. लेक एकदम म्हणाली, "आई, हा आपल्या किल्ल्यात आहे ना?" आहेच. वसईच्या बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर राजचिन्हाशेजारी हाच गोल कोरलेला आहे, आम्ही पावसाळ्यात तिथे जातो तेव्हा त्याच्यावर शेवाळं असतं, इथे रोज कुणीतरी पुसत असावं.

आत शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. वास्को मेला आपल्याकडे, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला, पुरलं पण तिथेच, नंतर त्याला पोर्तुगालला आणला. कबरीवर तो हात जोडून झोपलाय, बाजूला जहाज कोरलंय. गर्दी सगळी तिथेच. आम्ही सरळ पुढे आल्टारपर्यंत गेलो आणि तिथे जे बघितलं ते मला जास्त लक्षात राहिलं. राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात! चक्क हत्ती, सोंड खाली सोडलेले, अगदी शांत डोळ्यांचे. त्यातला एक राजा तिसरा जुआंव. त्याच्याच काळात, १५३४ मधे, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना तह करून देऊन टाकली, आणि मग १७३९ मधे चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत ती दोनशे पाच वर्षं यांच्याकडे. आई बराच वेळ त्या हत्तीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा होय तो." जसा काही लग्नातला एखादा लांबचा नातेवाईक ओळखला.

बाहेर आलो, नदीकाठी ते जहाजाच्या आकाराचं डिस्कव्हरी मॉन्युमेंट. आधी १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं केलेलं, मग १९६० मधे काँक्रीटमधे पक्कं बांधलं. सगळ्यात पुढे प्रिन्स हेन्री, मागे दोन्ही बाजूंना रांगेत लोक, त्यात वास्को आहे, गोवा घेणारा अल्बुकर्क आहे आणि सेंट फ्रान्सिस झेवियर पण आहेत, ज्यांचं शव ओल्ड गोव्यात बॉम जेझू चर्चमधे आहे. खाली जमिनीवर संगमरवरात जगाचा मोठा नकाशा, कुठल्या साली हे लोक कुठे पोचले ते लिहिलेलं. सगळे देशोदेशीचे टुरिस्ट आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढत होते. ब्राझीलवर सगळ्यात गर्दी. भारतावर आम्ही आणि एक पंजाबी कुटुंब.

अल्बुकर्कचा वेगळा चौक पण आहे जवळच, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी राजवाड्यासमोर, उंच खांबावर तो उभा. बस तिथून जाते आणि कॉमेंट्रीत तो ईस्टमधला थोर गव्हर्नर वगैरे. गोव्याला जाणाऱ्यांनी ओल्ड गोव्याच्या म्युझियममधे शिरून बघा, याच माणसाचा मोठा ब्राँझचा पुतळा आता तिथे छताखाली ठेवलाय, लोक त्याच्यासमोर उभे राहून मोबाइल चार्ज कुठे करता येईल ते विचारत असतात.

आता गेंड्याची गोष्ट सांगते, माझ्या दृष्टीने बेलेमला जायचं खरं कारण हे. १५१४ मधे अल्बुकर्कला दीवमधे किल्ला बांधायचा होता, त्याने गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नाही म्हटलं, पण आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून भेटीदाखल एक जिवंत गेंडा दिला. अल्बुकर्क तरी गेंड्याचं काय करणार, त्याने तो गोव्यातून जहाजात चढवून राजा मानुएलला पाठवून दिला. मे १५१५ मधे गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी गेंडा बघितलेलाच नव्हता. राजाकडे हत्ती होतेच, जुन्या पुस्तकांत लिहिलेलं की हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी, म्हणून त्याने दोघांची झुंज लावली, कुठे, तर आम्ही काल जिथे आइस्क्रीम खाल्लं त्या प्रासा दू कुमेर्सिऊच्या जागी, तिथे तेव्हा राजवाडा होता. गेंडा पुढे आला आणि हत्तीने धूम ठोकली. झुंज खल्लास. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळीने बांधलेला गेंडा त्यात गेला. जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकाराने त्याला कधी न बघता, कुणाच्या तरी पत्रावरून आणि स्केचवरून त्याचं ते प्रसिद्ध चित्र केलं, चिलखत घातल्यासारखं.

तर त्याच वेळी नदीत बेलेमचा बुरुज बांधत होते, आणि तिथल्या कारागिराने एका कोपऱ्यातल्या छोट्या टेहळणीच्या मनोऱ्याखाली या गेंड्याचं डोकं कोरलं. अजून आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने पार झिजलंय, शिंग तर गेलंच, पहिल्यांदा बघितलं तर डुक्कर वाटेल. लेकीने झूम करून करून शोधला, आजूबाजूच्यांना दाखवला, एका कोरियन बाईने थँक्यू म्हणून तिला चॉकलेट दिलं. आणि गेंडा देणाऱ्या या मुझफ्फरशहाचा मुलगा कोण? आपला बहादूरशहा, वसई देणारा. बापाने गेंडा देऊन वेळ मारून नेली, मुलाला मुघल मागे लागले होते म्हणून किल्लाच द्यावा लागला.

बेलेमच्या त्या प्रसिद्ध निळ्या टाइल्सच्या दुकानात, १८३७ पासूनच्या, गरम नाता, म्हणजे कस्टर्डचे छोटे टार्ट, खाल्ले, वर दालचिनी भुरभुरून. वरचं कडक पापुद्र्याचं आवरण दाताखाली कुरकुरतं आणि आतलं कस्टर्ड अजून हलत असतं. पण अंड्याचा बलक असतो भरपूर, आईंना चालत नाही, त्यांनी घरून आणलेला चिवडा काढला. शाकाहारी लोकांना एक सांगते, साधं दिसणारं हिरवं सूप पण विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात सॉसेजचा तुकडा असतो.

रविवार

सकाळी दुसरा रूट, पूर्वेकडचा. खरं सांगायचं तर निम्मा रस्ता कंटाळवाणा, गोदामं आणि रेल्वे यार्ड. मधे टाइल्सचं म्युझियम लागतं, जुन्या कॉन्व्हेंटमधे, तिथे मात्र उतरा. १७०० च्या आसपासचं लिस्बन दाखवणारं २३ मीटर लांब निळं-पांढरं पॅनेल आहे, म्हणजे भूकंपाच्या आधीचं शहर, जे आता नाहीच. नवऱ्याने परवा मोजलेल्या सगळ्या इमारती तिथे गायब आणि राजवाडा जागेवर.

शेवटी पार्क दश नासोंइश, १९९८ च्या एक्स्पोसाठी उभा केलेला नवा भाग. वास्को भारतात पोचला त्याला पाचशे वर्षं झाली म्हणून इथे सगळं वास्कोच्या नावाने, वास्को मॉल, वास्को टॉवर, आणि लांबवर धुक्यात जाणारा वास्को पूल. लेकीला ओशनेरियममधे सोडलं नवऱ्याबरोबर, प्रचंड टाकीत शार्क आणि तो सनफिश, अर्धाच मासा कापून ठेवल्यासारखा दिसणारा, ती दोन तास बाहेर येईना. मी आणि आई नदीकाठी कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झाचा पुतळा बघायला. हीच ती राजकन्या जिच्या लग्नात मुंबई आंदण दिली, १६६१ चा करार. इंग्लंडच्या राजाला मुंबईचं काय करायचं कळेना, त्याने १६६८ मधे वर्षाला दहा पाउंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आईंचं माहेर गिरगाव. दहा पाउंड म्हणजे किती ते त्यांनी तीनदा विचारलं.

मग तिची कबर पण बघायचीच म्हणून दुपारी ट्राम २८ ने अल्फामा या जुन्या भागाकडे. डबलडेकर त्या गल्ल्यांत शिरूच शकत नाही. ट्राम मार्तिम मोनिजपासून सुटते, तिथे आपल्याकडची, बांगलादेशी, नेपाळी दुकानं एकाला एक लागून, कोथिंबीर पण मिळते. कॅफेत त्रिकोणी शामुसा ठेवलेला असतो, हा गोव्याच्या लोकांनी इथे आणलेला आपला समोसाच, व्हेज आहे का तेवढं विचारा. ट्राम लाकडी, छोटी, करकरत चढते, पाकीट पुढे धरा. साउं व्हिसेंतेच्या मठात पोर्तुगालच्या ब्रॅगान्झा राजघराण्याच्या बहुतेक कबरी एका लांबट हॉलमधे रांगेत आहेत, त्यातच कॅथरीन. नवरा वारल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परत आली आणि १७०५ मधे लिस्बनमधेच गेली. मुंबई तिने कधी बघितलीच नाही.

संध्याकाळच्या आत से कॅथीड्रलशेजारी अल्जूब म्युझियम गाठलं. हे सालाझारच्या काळातलं राजकीय कैद्यांचं तुरुंग, २०१५ पासून म्युझियम. एक मीटरभर रुंदीच्या अंधाऱ्या कोठड्या तशाच उभ्या करून दाखवल्यात. वरच्या मजल्यावर वसाहतींमधल्या लढ्यांबद्दल पण आहे. टूर बसच्या नकाशावर हे नव्हतं.

सोमवार

सोमवारी म्युझियम वगैरे बंद, बसचं तिकीट संपलेलं, म्हणून काइश दू सुद्रेवरून लोकल धरून कश्काइशला, समुद्राकडे. नदीला लागून ट्रेन जाते, खिडकीची जागा डावीकडे धरा. बेलेम गेलं, मग थोड्या वेळाने स्टेशन आलं कशियाश. मी मुद्दाम सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. इथे वर किल्ल्यात तुरुंग आहे, त्यात आपले मोहन रानडे होते. सांगलीचा मुलगा, गोव्यात सावई-वेऱ्याला शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात शिरला, १९५५ मधे बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. त्यांना पोर्तुगालला आणलं. १९६१ मधे गोवा सुटला पण रानडे सुटले नाहीत, ते सुटले जानेवारी १९६९ मधे, इकडे सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून जिवाचं रान केलं होतं. आई तेव्हा शाळेत होत्या, त्यांना आठवतंय, पेपरात फोटो आला होता आणि त्यांच्या वडिलांनी तो कापून ठेवला होता.

स्टेशनवरून काही दिसत नाही, झाडं, चढ, एक कुंपण. तुरुंग अजून चालू आहे.

"एवढं सगळं त्या बसमधे सांगत होते," आई म्हणाल्या, "गेंडा सोड, तो आपणच शोधला, पण हे का नाही सांगत?"

"बस बेलेमवरूनच मागे वळते ना आई," नवरा म्हणाला, आणि चिवड्याची पिशवी पुढे केली.